मऊ हाताचा माणूस

माझा धंदा आवाज मोठा करण्याचा. कुणी गातं, कुणी वाजवतं, कुणी पुस्तक वाचतं, ते कुठेतरी रेकॉर्ड होतं आणि लोकांपर्यंत जाण्याआधी शेवटी माझ्याकडे येतं. मी त्यावर अखेरचा हात फिरवतो. छत्तीस वर्षं हेच केलं, दुसरं काही येत नाही. दूध उतू न जाऊ देता तापवणं मी आत्ता बासष्टाव्या वर्षी शिकतोय आणि अजून पास झालेलो नाही.

आवाज मोठा कसा करतात ते आधी सांगतो, कारण माझी सगळी फजिती त्यावरच उभी आहे. समजा, एका खोलीत वीस माणसं आहेत. काही ताडमाड, काही बुटकी. कंप्रेसर काय करतो, तर ताडमाड माणसांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना थोडं वाकवतो. सगळे साधारण एका उंचीचे झाले की लिमिटरची पाळी. लिमिटर म्हणजे छत. त्याच्या वर कुणाचं डोकं जाता कामा नये. आता खालून जॅक लावायचा आणि जमीन वर उचलत न्यायची. जितकी जमीन वर, तितका आवाज मोठा. बेताने उचललीत तर खोली भरल्यासारखी वाटते. जास्त उचललीत तर सगळे छताला डोकं टेकून, माना वाकड्या करून उभे. कुजबुजणारा आणि ओरडणारा दोघंही सारखेच ऐकू येतात. ऐकणाऱ्याचं डोकं दहा मिनिटांत दुखायला लागतं आणि का दुखतंय ते त्याला सांगता येत नाही.

या जमीन उचलण्यात माझं नाव होतं. “त्यांचा हात मऊ आहे,” असं लोक म्हणायचे. दुसरे लोक जिथे जॅक मारत सुटायचे तिथे मी बेताने थांबतो, अशी ख्याती. मी यावर भाषणंसुद्धा दिली आहेत. एकदा तर चाळीस माणसांसमोर उभं राहून मी सांगितलं की, “थांबायचं कुठे हे कानाला कळावं लागतं.” टाळ्या पडल्या. बायको मागच्या रांगेत होती. तीही टाळ्या वाजवत होती, सगळ्यांपेक्षा जरा जास्तच वेळ.

ती टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती, एकोणतीस वर्षं. दिवसभर कानाला यंत्र लावून या माणसाला त्या माणसाशी जोडून द्यायची. माझ्या कामात तिला काही रस नाही, असं माझं ठाम मत होतं. मी एखादं गाणं कौतुकाने ऐकवलं की म्हणायची, “छान आहे. जरा मोठं वाटतंय.” मी म्हणायचो, “तुला त्यातलं काय कळतंय?” ती म्हणायची, “बरं,” आणि आत निघून जायची. ‘बरं’ म्हणून आत जाणाऱ्या बायकांबद्दल नवऱ्यांनी थोडा विचार करायला हवा. पण हे सुचायला मला चौदा महिने एकट्याने राहावं लागलं.

हो, ती गेली त्याला चौदा महिने झाले. पोटाचं दुखणं निघालं आणि सात आठवड्यांत आटोपलं. त्यातले सहा हॉस्पिटलात.

ती गेल्यावर घर फार शांत झालं. मला वाटलं, दुःखामुळे. दुःख होतंच, पण सगळी शांतता त्याच्या नावावर टाकता येणार नाही, हे मला किटलीवरून कळायला हवं होतं. आमच्याकडे शिट्टीवाली किटली होती. पाणी उकळलं की बोंबलायची. ती बोंबलायची थांबली. दोनदा तळ जळाला. मी तावातावाने दुकानात घेऊन गेलो. दुकानदाराने तीत पाणी भरून शेगडीवर ठेवली आणि आम्ही दोघं वाट बघत उभे राहिलो. थोड्या वेळाने दुकानातल्या दोन बायकांनी कानांवर हात ठेवले. दुकानदार माझ्याकडे बघायला लागला.

“बघा,” मी म्हणालो, “गप्प आहे की नाही?”

त्याने किटली उतरवली आणि मला दुसरी दिली. दुसरीही बिघडलेली निघाली.

कामाचंही तसंच सुरू झालं. एक बासरीवाला दहा वर्षं माझ्याकडे यायचा. तो म्हणाला, “काका, या वेळी जरा टोचतंय.” गोष्टी वाचणाऱ्या एक बाई होत्या, त्यांनी फाईल परत पाठवली आणि पुन्हा फोनच केला नाही. मी निदान केलं की हल्लीचे हेडफोन स्वस्त असतात आणि हल्लीच्या लोकांना धीर नसतो. शेजाऱ्यांनी दाराखालून चिठ्ठी सरकवली की टीव्हीचा आवाज कमी करा, आम्ही तीन आठवडे भिंतीवर थापा मारतोय. मला वाटलं, शेजारी विचित्र आहेत. थापा कसल्या, मला तर एकही ऐकू आली नव्हती.

अशात हेडबाई आल्या.

हेडबाई म्हणजे पूर्वी शाळेच्या मुख्याध्यापिका. निवृत्त झाल्यावर त्यांनी निवृत्त लोकांचाच एक गायनवृंद काढला. बावीस जण. त्यांतला सगळ्यात लहान एकसष्टचा आणि सगळ्यात मोठ्या आजी एक्याऐंशीच्या. सहा वर्षांपूर्वी त्यांचं एक रेकॉर्डिंग मी केलं होतं आणि ते फार नावाजलं गेलं. आता वृंदाला वीस वर्षं होत होती म्हणून नवीन केलं होतं. मी काम संपवून फाईल पाठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला बाई दारात उभ्या. बसल्यासुद्धा नाहीत.

“तुम्ही हे ऐकलंत का?”

“ऐकलं म्हणजे काय बाई, मीच केलंय.”

“तिसरं गाणं कसं सुरू होतं?”

“हळू.”

“किती हळू?”

मी हाताने थोडंसं दाखवलं. शाळेतल्या मुलाने न केलेला गृहपाठ दाखवावा तसं.

“बावीस माणसं तोंड मिटून गुणगुणतात,” बाई म्हणाल्या. “सहा महिने मी त्यांना ओरडून ओरडून हळू गायला शिकवलं. आणि तुमच्याकडून काय आलं? बावीस फ्रिज एकदम चालू झाल्यासारखे!”

“लिमिटर गेल्या वेळी होता तेवढाच ठेवलाय.”

“मला त्यातलं कळत नाही. मला गेल्या वेळेसारखं हवंय. शुक्रवारपर्यंत. रविवारी सगळ्यांच्या घरची माणसं ऐकायला येणार आहेत. जमत नसेल तर सांगा, मी त्या बसस्टँडसमोरच्या मुलांकडे देते.”

“ती मुलं? ती जॅक लावत नाहीत बाई, सुरुंग लावतात.”

“मग तुम्ही काय लावलंत?”

दार लावून त्या गेल्या. मी मागच्या खोलीत, म्हणजे माझ्या स्टुडिओत, येऊन बसलो. हे काम गेलं असतं तर हातात दुसरं एकही नव्हतं. काम नसेल तर सकाळी उठून या खोलीत यायला कारण नव्हतं. आणि घरातल्या बाकीच्या खोल्यांमध्ये काय आहे, ते मला माहीत होतं.

माझी एक सवय सांगतो. प्रत्येक कामाचे आकडे मी वहीत लिहून ठेवतो. सहा वर्षांपूर्वीचं पान काढलं. लिमिटरपुढे नऊ. म्हणजे जमीन नऊ डेसिबल वर उचललेली. आत्ताही नऊच ठेवले होते, वहीत बघून. तरी खात्री करावी म्हणून संगणकावर ते जुनं काम उघडलं.

पडद्यावर चार.

मी चष्मा पुसला. चारच. मी संगणकाला दोन शिव्या दिल्या, कारण जुनी कामं नव्या संगणकावर उघडली की काहीबाही बदलतं हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. दुसरं काम उघडलं. वहीत आठ, पडद्यावर साडेतीन. तिसरं, वहीत दहा, पडद्यावर पाच. दुपारपर्यंत मी तेवीस कामं उघडली. एकातही वही आणि पडदा जुळेना. आणि बदललेलं काय, तर फक्त लिमिटर. बाकी सगळं माझंच, जिथल्या तिथे.

मग मी फायली शेवटच्या कधी बदलल्या त्या वेळा बघितल्या. संध्याकाळी सहा पन्नास. सात पाच. सहा पंचावन्न. सात दहा.

मी रोज सहाला काम थांबवतो आणि सव्वासहाला फिरायला बाहेर पडतो, सव्वासातला परत येतो. हे इतकं ठरलेलं की रस्त्यावरचा चांभार मला बघून घड्याळ लावतो असं मी लोकांना सांगायचो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी काम उघडून फक्त शेवटची फाईल काढायचं बटण दाबतो. पुन्हा ऐकत नाही. ते माझं तत्त्व होतं. संध्याकाळी ठरवलेलं सकाळी बदलायचं नाही. भाषणात हेही सांगायचो.

बायको हॉस्पिटलात गेल्याच्या तारखेपासून पुढच्या सगळ्या कामांवर वेळ होती पाच सत्तावन्न, पाच अठ्ठावन्न, सहा. आणि त्या प्रत्येक कामात वही आणि पडदा अगदी जुळत होते. संगणक बिघडला असता तर केव्हाही बिघडला असता. हा फक्त मी फिरायला गेल्यावर बिघडायचा आणि बायको हॉस्पिटलात गेल्यापासून एकदम बरा झाला होता.

मग खुर्ची आठवली.

मी उंच आहे, बायको माझ्या छातीला लागायची. माझ्या कामाच्या खुर्चीची गादी आपोआप खाली उतरते, अशी माझी कित्येक वर्षांची तक्रार. सकाळी बसायला गेलं की गुडघे हनुवटीला. मी खुर्ची बनवणाऱ्यांना तीन पत्रं लिहिली. त्यांनी एकदा माणूस पाठवला, तो खुर्चीत बसून, उठून, पुन्हा बसून म्हणाला, “यात दोष नाही साहेब.” मी त्याला म्हणालो, “तुम्हाला यंत्रातलं काही कळत नाही.” मग दुसऱ्या कंपनीची घेतली. तीही उतरायची. बायको तेव्हा दारात उभी राहून म्हणाली होती, “जाऊ दे ना. वर करून घेत जा.”

लेकीला फोन लावला. ती दुसऱ्या शहरात नोकरी करते.

“आईला लिमिटर माहीत होता का?” मी एकदम विचारलं.

“बाबा, हळू.”

“मी हळूच बोलतोय.”

“फोन स्पीकरवर नाहीये, तरी ऑफिसातली चार माणसं माझ्याकडे बघताहेत. थांब, बाहेर जाते.” दाराचा आवाज आला असावा. मला आला नाही, पण ती पुढे बोलायला लागली. “काय झालं?”

मी सांगितलं. ती बराच वेळ गप्प. म्हणजे मला तरी तसं वाटलं.

“तुला कळलं तर,” ती म्हणाली.

“म्हणजे तुला माहीत होतं?”

“माहीत काय, मीही केलंय. सुट्टीत आले की आई म्हणायची, आज तू कर, मला कंटाळा आलाय. पडद्यावरचा तो गोल इकडे फिरव, कुजबुज कुजबुजीसारखी झाली की थांब.”

“आणि मला सांगावंसं नाही वाटलं कुणाला?”

“सांगितलं होतं की! नऊ वर्षांपूर्वी. आईने तुला कान तपासायला पाठवलं होतं. तू सर्टिफिकेट घेऊन आलास आणि भिंतीवर लावलंस.”

ते लावलं होतं खरं. त्याचंही सांगतो, आता लपवून काय करायचंय.

कान तपासतात तेव्हा एका काचेच्या पेटीत बसवतात. कानात बारीक बारीक शिट्ट्या सोडतात. ऐकू आली की हातातलं बटण दाबायचं. आता मी आवाजाच्या धंद्यातला. पहिल्या दोन मिनिटांत माझ्या लक्षात आलं की तपासणाऱ्या बाई शिट्टी सोडण्याआधी किंचित खाली बघतात. शिवाय दर वेळी आवाज ठराविक पायऱ्यांनी कमी करतात, मग एक पायरी वर. मी ताल धरला. खाली बघितलं, एक, दोन, दाब. खाली बघितलं, एक, दोन, दाब. शेवटी शेवटी तर मी मान डोलवत होतो. बाईंनी लिहिलं, ‘वयाच्या मानाने उत्कृष्ट.’

मी लबाडी करतोय असं मला तेव्हा वाटलंही नाही, देवाशपथ. शिट्टी येणार हे मला इतकं पक्कं माहीत असायचं की मला ती ऐकूच यायची. छत्तीस वर्षं मी लोकांना कानावर विश्वास ठेवा म्हणून सांगत आलो आणि स्वतः एका बाईच्या पापण्यांवर पास झालो.

“आईने सर्टिफिकेट बघितलं,” लेक फोनवर सांगत होती, “आणि मला म्हणाली, आता हा काही ऐकायचा नाही. आपणच बघू.”

“मग तिने भांडायचं होतं माझ्याशी.”

“ती म्हणाली, बाबाला कळलं तर तो काम सोडून देईल. आणि काम सोडलं तर दिवसभर मला घरात सहन करावा लागेल.”

मी हसलो. मोठ्याने हसलो असणार, कारण लेक म्हणाली, “बाबा, कान फुटला माझा.” मग तिला आत कुणी बोलावलं आणि तिने फोन ठेवला.

मी खुर्चीचा दांडा ओढला आणि गादी पार खाली घेतली. तिथून पडदा जरा वर दिसतो. मान थोडी मागे करावी लागते. हेडफोन लावले, काही चालू केलं नाही. एक तास तिने रोज इथे बसून काढला होता, सात-आठ वर्षं. मी तेव्हा रस्त्याने मान ताठ ठेवून चालत असायचो आणि वाटेत भेटेल त्याला माझ्या मऊ हाताबद्दल सांगायचो. पाय दुखायला लागेपर्यंत तसाच बसून राहिलो. माझ्या पायांना ती उंची चालत नाही.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, मी ठरवलं की आता काय, सोपं आहे. तिने चार ठेवले होते, मी चार ठेवतो. ठेवले. पण हा आकडा औषधाच्या गोळीसारखा नसतो. त्या वेळी रेकॉर्डिंग लाकडी छताच्या हॉलमध्ये झालं होतं, या वेळी फरशीच्या. त्या वेळी माणसं सोळा होती, आता बावीस. चार बरोबर आहे की चूक, हे ऐकूनच ठरणार. आणि ऐकायला तिसरं गाणं लावलं की सुरुवातीला मला काय ऐकू यायचं, तर काही नाही. मीटरवर दोन हिरवे ठिपके हलताना दिसायचे. ठिपके हलताहेत म्हणजे कुणीतरी गातंय, एवढं कळायचं.

तरीही मी हेडबाईंना निरोप टाइप केला. ‘पुन्हा बारकाईने ऐकून दुरुस्त केलं आहे. आता अगदी गेल्या वेळेसारखं झालं आहे.’ पाठवायच्या खुणेवर बोट ठेवलं आणि माझं मलाच कळलं की मी पुन्हा ताल धरलाय. एक, दोन, दाब.

निरोप पुसला आणि फोन केला.

“बाई, मला सांगायचंय ते नीट ऐका,” मी म्हणालो. “मला ऐकू येत नाही!”

“ओरडू नका,” हेडबाई म्हणाल्या. “मला येतं.”

“बारीक आवाज तर अजिबात येत नाही. गेल्या वेळचं काम माझं नव्हतंच. माझी बायको रोज संध्याकाळी...”

“मला माहीत आहे.”

“तुम्हाला?”

“अहो, गेल्या वेळी तुमची पहिली फाईल आली ती अशीच होती. फ्रिज. मी फोन केला तर तुमच्या मिसेसनी उचलला. त्या म्हणाल्या, काल ह्यांना सर्दी होती, फिरायला गेले नाहीत. उद्या दुसरी फाईल येईल. ह्यांना काही बोलू नका.”

सर्दी मला आठवत होती. दुसऱ्या दिवशी बायकोने सकाळी उठल्या उठल्या सांगितलं होतं की संगणकावर काहीतरी लाल दिसतंय, फाईल परत काढावी लागेल बहुतेक, पण आधी फिरून ये, तोंडावर सूज आलीय. मी सकाळीच फिरायला गेलो होतो. आज्ञाधारकपणे.

“मग तुम्ही माझ्याकडेच का आलात या वेळी?” मी विचारलं. “ती नाही, हे तुम्हाला माहीत होतं ना?”

“मला वाटलं, इतक्या वर्षांत तुम्ही त्यांच्याकडून शिकला असाल,” बाई म्हणाल्या. मग थोड्या खालच्या आवाजात काहीतरी बोलल्या. मला ते कळलं नाही.

“काय म्हणालात?”

“म्हटलं, उद्या दुपारी मी येते. दोनला. चहा नको, मला ॲसिडिटी आहे.”

गुरुवारी दोनला त्या आल्या, एक वही आणि दोन पेन्सिली घेऊन. मी त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः स्टूल घेतलं. लिमिटरचा गोल दाखवला, माउस कसा धरायचा ते दाखवलं. त्यांनी तो धरला तसा खडू धरतात.

“हा फिरवला की जमीन वर जाते.”

“जमीन कशाला वर न्यायची? माणसांनी जमिनीवर उभं राहावं.” त्यांनी गोल शून्यावर नेला. “आता लावा तिसरं.”

मी लावलं. बाई डोळे मिटून ऐकत राहिल्या. मी ठिपके बघत राहिलो.

“छान,” बाई म्हणाल्या. “अगदी हॉलमध्ये होतं तसं.” मग कपाळाला आठी. “पण हे आमच्यातल्या निम्म्यांना ऐकूच जायचं नाही.”

“म्हणजे?”

“अहो, मागच्या ओळीतले सहा जण ठार बहिरे आहेत. शेजारच्याचं तोंड बघून गातात. रविवारी आपलंच गाणं ऐकू आलं नाही तर माझा जीव खातील. थोडी न्या तुमची जमीन वर.”

“किती?”

“ते तुम्ही सांगायचं ना?”

“मी कसं सांगू? तुम्हाला काय ऐकू येतंय ते सांगा, मग मी सांगतो.”

असं आमचं काम सुरू झालं. मी गोल एकावर न्यायचो, गाणं पहिल्यापासून लावायचो आणि बाई सांगायच्या. “आधी श्वास आहे. सगळ्यांचा एकदम. मग गुणगुण सुरू. डावीकडे कुणाचा तरी बूट करकरतोय, तो पोस्टमास्तर, दर वेळी करतो. आजी अर्धा क्षण उशिरा येताहेत.” मी विचारायचो, “श्वास आणि गुणगुण यांत फरक आहे अजून?” त्या म्हणायच्या, “आहे.” मग दोन. “आहे.” अडीच. “आहे, पण बूट जवळ आला.” तीन. “बूट फारच जवळ आला. आता पोस्टमास्तर माझ्या मांडीवर बसलाय.”

“मग हा लिमिटरचा दोष नाही. कंप्रेसर बूट वर आणतोय.” हे मला कानांशिवाय कळलं. कंप्रेसर मी थोडा सैल केला. लिमिटर तीनवरच. “आता?”

“मास्तर गेले आपल्या जागी.”

मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. चौदा महिन्यांत एखादी गोष्ट मी जशी म्हणालो तशी पहिल्यांदाच झाली होती.

तासभर आम्ही असेच पुढेमागे करत होतो. मध्ये एकदा बाईंनी माझी चूक काढली, एकदा मी त्यांची. त्या म्हणाल्या, पुरुषांचे आवाज जड वाटताहेत. मी म्हणालो, ते लिमिटर नाही, ते तुमचे पुरुष आहेत. शेवटी त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, दोनदा खाली रेघ ओढली आणि म्हणाल्या, “हेच. आता याला हात लावायचा नाही.”

“मी बटण दाबतो मग.”

“आधी शेवटपर्यंत ऐकायचं.”

“मी नाही ऐकत पुन्हा. माझं तत्त्व आहे.”

बाईंनी नुसतं बघितलं. चाळीस वर्षं त्या नजरेसमोर शाळेतली मुलं गप्प बसलेली असणार. मीही बसलो. “आणि हे बघा,” त्या म्हणाल्या, “पुढच्या महिन्यात माझ्या जुन्या शाळेतल्या मुलांचं रेकॉर्डिंग आहे. मी सोमवारी आणि गुरुवारी मोकळी असते. पण हे स्टूल बदला, तुमच्या तोंडाकडे बघायला मला मान वर करावी लागते.”

मी हो म्हणालो. पहिलं गाणं लावलं.

पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. तिसरं लागलं. बाईंनी डावा हात उचलला आणि हवेत, अगदी थोडा, हलवायला सुरुवात केली. त्यांना बहुतेक भानही नव्हतं. हात जिथे चढत होता तिथे ठिपके वाढत होते, हात उतरला की कमी होत होते. मी कधी हाताकडे, कधी ठिपक्यांकडे बघत होतो आणि सगळा वेळ माझी बोटं शिवशिवत होती. अर्धा डेसिबल. फक्त अर्धा, कुणाला कळणारही नाही. छत्तीस वर्षांची सवय. शेवटी मी दोन्ही हात मांड्यांखाली घेतले आणि त्यांच्यावर बसलो.

बऱ्याच वेळाने हिरवे ठिपके एक एक करून विझले. खोलीत काहीच नव्हतं. बाईंचा हात मात्र हवेतच होता.

“संपलं?” मी विचारलं.

“गप्प बसा,” हेडबाई डोळे न उघडता म्हणाल्या. “अजून चालू आहे.”

मी गप्प बसलो.